सुपरमॅनमध्ये येशू किती? धर्मशिक्षणाच्या वर्गाला ‘मॅन ऑफ स्टील’ दाखवावा का?

बावखल:

नमस्कार मंडळी. मी वसईचा. रविवारी मिस्सा झाली की आमच्या धर्मग्रामातल्या नववीच्या मुलामुलींचा धर्मशिक्षणाचा वर्ग घेतो. पुढे दृढीकरण (कन्फर्मेशन, म्हणजे श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) घेणारी ही पोरं. वाईट नाहीत, पण मिस्साला बसून आलेली असतात, पोटात कावळे ओरडत असतात आणि समोर मी ‘त्याग म्हणजे काय’ फळ्यावर लिहीत असतो. मागच्या बाकावरचा एकजण तर मला उघड विचारतो, “सर, हे येणारे का?” कशात येणार ते त्यालाच ठाऊक. धर्मशिक्षणाची बोर्डाची परीक्षा नसते.

ईस्टरआधीचा उपवासकाळ तोंडावर आलाय. म्हटलं या खेपेला सिनेमा दाखवू. येशूवरचे सिनेमे त्यांनी लहानपणापासून गुड फ्रायडेच्या आठवड्यात टीव्हीवर पाहिलेत, त्यामुळे ते नकोत. माझ्या डोक्यात आहे झॅक स्नायडरचा २०१३चा ‘मॅन ऑफ स्टील’. तो पुन्हा लावून बसलो आणि जागोजागी थांबवून बघत राहिलो. बायको म्हणाली, “सिनेमा बघताय की पंचनामा करताय?”

पण खरंच बघा. बाप आपला एकुलता मुलगा दुसऱ्या जगात पाठवतो. तो मुलगा शेतकऱ्याच्या घरी वाढतो, बापाच्या हाताखाली काम करतो, आपण कोण ते बरीच वर्षं लपवून ठेवतो. लोकांसमोर येतो तेव्हा त्याला पृथ्वीवर ३३ वर्षं झालेली असतात, क्रूसावर गेलेल्या येशूचं वय मानतात तेवढीच. मग त्याच्याच ग्रहावरचा खलनायक झॉड धमकी देतो की याला माझ्या ताब्यात द्या, नाहीतर पृथ्वीचं काही खरं नाही. क्लार्क, म्हणजे आपला सुपरमॅन, कुठे जातो? चर्चमध्ये. फादरशी बोलतो तेव्हा त्याच्या मागे रंगीत काचेची खिडकी आहे आणि तिच्यात पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत प्रार्थना करणारा येशू. कॅमेरा असा लावलाय की दोघे एकाच चौकटीत दिसावेत. पुढे यानात त्याचा जन्मदाता जॉर-एल, म्हणजे रसेल क्रो, म्हणतो की तू या सगळ्यांना वाचवू शकतोस. आणि हा दोन्ही हात पसरून अंतराळात तरंगतो. क्रूसच! आमच्या वर्गातला झोपाळू पोरगाही ओळखेल.

मी उत्साहात हे फादरांना सांगितलं. फादर सुपरमॅनचे माझ्याहून जुने भक्त निघाले. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “छान आहे. पण शेवटी तो झॉडची मान मोडतो तेव्हा पोरांना काय सांगणार?”

तिथे माझी बोलती बंद झाली.

तर प्रश्न असा. या सिनेमात ख्रिस्ती विचार खरोखर आहे, की नुसती रंगरंगोटी? दाखवायचा तर कुठला भाग दाखवू? १४३ मिनिटं पोरं बसतील, त्यांची मला चिंता नाही. त्यांना घ्यायला येऊन दाराशी उभ्या राहणाऱ्या आया बसणार नाहीत.

फुकटचा समीक्षक:

रंगरंगोटी कसली, सरळ जाहिरात आहे ती! बावखल, तुमच्या आधी हा धडा वॉर्नर ब्रदर्सनीच काढून ठेवलाय. सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत त्यांनी पाळकांसाठी खास खेळ ठेवले होते. वर पेपरडाइन विद्यापीठातल्या क्रेग डेटवायलर नावाच्या प्राध्यापकांकडून प्रवचनाची टिपणं लिहून घेतली. मथळ्याचा अर्थ साधारण ‘येशू: मूळचा सुपरहिरो’. म्हणजे रविवारी व्यासपीठावरून सुपरमॅनचा दाखला द्या आणि मंडळी तिथून थेट थिएटरात. आपल्याकडे एखाद्या निर्मात्याने कीर्तनकारांना टिपणं वाटली असती तर केवढा गहजब झाला असता!

पण सगळं खापर स्नायडरच्या डोक्यावर फोडू नका, घराण्याची परंपरा आहे ती. १९७८च्या रिचर्ड डॉनरच्या सिनेमात मार्लन ब्रँडो मुलाला सांगतो की या माणसांत चांगुलपणाची कुवत आहे, फक्त वाट दाखवणारा उजेड नाही, म्हणून मी तुला, माझ्या एकुलत्या एका मुलाला, त्यांच्याकडे पाठवलं. योहानाच्या शुभवर्तमानातून उचलून अंतराळात ठेवलेलं वाक्य. २००६चा ‘सुपरमॅन रिटर्न्स’ तर बोलूच नका. खलनायक लेक्स लूथरचे गुंड त्याला चिखलात लोळवून मारतात, मग लेक्स त्याची ताकद हिरावणाऱ्या क्रिप्टोनाइटचा तुकडा त्याच्या अंगात खुपसतो. तशाच अवस्थेत तो आख्खं बेट उचलून अवकाशात फेकतो आणि हात पसरून खाली कोसळतो. नंतर नर्स खोलीत येते तर पलंग रिकामा. आणखी काय हवं? २०१६च्या ‘बॅटमॅन व्हर्सेस सुपरमॅन’मध्ये तो मरतो, त्याचं प्रेत खाली उतरवतात ते दृश्य जुन्या युरोपियन चित्रांवरून बेतलेलं दिसतं, आणि शेवटच्या क्षणी शवपेटीवरची माती हलते. सिनेमा लागला २५ मार्चला. त्या वर्षीचा गुड फ्रायडे.

२०२५च्या जेम्स गनच्या ‘सुपरमॅन’मध्ये मात्र हे उलटवलंय. तिथे आईबापांचा अर्धवट निरोप पूर्ण ऐकू येतो तेव्हा कळतं की त्यांनी पोराला पृथ्वीवर राज्य करायला धाडलं होतं. आणि पोरगा ते नाकारतो. मला तोच जास्त आवडला. आपल्या सेन्सॉरने त्यातलं चुंबन कापलं. कापलं किती, तर ३३ सेकंद. हा आकडा पाठ सोडत नाही!

लोदकर:

मला थोडं हसू येतंय, राग मानू नका. मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. आजोबा अलिबागकडचे, मी जन्मलो इथे इस्राएलमध्ये, लोद गावात. घरात अजून मराठीच चालते, त्यामुळे तुमचे धागे नेमाने वाचतो.

सुपरमॅन मुळात आमचा हो! जेरी सीगल आणि जो शूस्टर ही क्लीव्हलँडची दोन ज्यू पोरं, दोघांचेही आईबाप युरोपातून आलेले. १९३८ साली ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात सुपरमॅन छापला गेला आणि त्याचे सगळे हक्क त्यांनी १३० डॉलरला देऊन टाकले. सीगलच्या डोक्यात शमशोन होता, हर्क्युलिस होता. येशू औषधालाही नव्हता. आणि गोष्ट कुठली ते बायबलातलं निर्गम उघडून बघा. सगळीकडे मरण दिसतंय म्हणून आई बाळाला लव्हाळ्याच्या पेटीत घालून नदीत सोडते, परके लोक त्याला वाढवतात, आणि मोठा झाल्यावर तोच लोकांना सोडवतो. मोशे.

१९४०च्या फेब्रुवारीत ‘लुक’ मासिकासाठी या दोघांनी दोन पानांची गोष्ट काढली. तिच्यात सुपरमॅन हिटलर आणि स्टालिन दोघांच्या मानगुटीला धरून राष्ट्रसंघापुढे उभं करतो. त्यावर हिटलरच्या एसएस दलाच्या मुखपत्राने सीगलच्या ज्यू असण्यावरून गरळ ओकली. ही खरी परीक्षा पास झालेला हिरो आहे. फादरांना सांगा, त्या गोष्टीत तो कुणाची मान मोडत नाही, न्यायाधीशांपुढे नेतो.

घाटमाथा:

पेटीतलं बाळ म्हणाल तर वसुदेवाने टोपलीतून यमुनेपलीकडे नेलेलं आमचंही आहे की. गोकुळात वाढलं, गाईगुरांत रमलं, वेळ आल्यावर मथुरेला गेलं. आता तिघांनी वाटून घ्या सुपरमॅनला. सिनेमा सिनेमासारखा बघावा, पॉपकॉर्न खावा, घरी यावं.

बावखल:

@घाटमाथा, पॉपकॉर्न उपवासकाळात चालतो का ते फादरांना विचारून सांगतो.

@लोदकर, राग कसला, हे वर्गात नक्की सांगणार. मोशेबद्दल पोरांना माहीत आहे, पण त्या दोन पोरांबद्दल नाही. पण माझा प्रश्न तसाच उभा आहे. मालक कोण याचा वाद सुटला तरी मान मोडायची ती मोडलीच आहे.

नगरी मावशी:

मी नगरची. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाले. आजोबा पाळक होते, घरात रेव्हरंड ना. वा. टिळकांची ख्रिस्ती भजनं आणि बाहेर इंग्रजी सिनेमे अशी वाढले. नातवामुळे हे सगळे सुपरमॅन पाहून झालेत, म्हणून बोलते. जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

बावखल, तुम्ही जी दृश्यं निवडलीत ना, नेमकी तीच सोडून द्या. ३३ वर्षं, पसरलेले हात, एकुलता मुलगा, ही सगळी वरून डकवलेली पानं आहेत. हात पसरल्याचंच घ्या. तो त्या क्षणी काय करतोय? पूर्ण ताकदीनिशी उडायला निघालाय. त्याला काही दुखत नाहीये, त्याचं काही जात नाहीये. वधस्तंभावर जो होता त्याला खालचे लोक काय म्हणत होते ते मत्तयात वाचा. याने दुसऱ्यांना वाचवलं, याला स्वतःला वाचवता येत नाही, देवाचा पुत्र असशील तर खाली ये. खाली उतरला असता तर तो सुपरहिरो. उतरला नाही हीच तर सगळी गोष्ट आहे.

आणि ही काही शेवटच्या दिवसाची बाब नाही. तुमच्याकडे उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी अरण्यातल्या परीक्षेचा पाठ वाचतात ना? त्या तीन परीक्षा सुपरहिरोच्या चष्म्यातून बघा एकदा. दगडांच्या भाकरी कर. मंदिराच्या शिखरावरून उडी मार, देवदूत झेलतील. सगळ्या जगाची राज्यं घे. सैतान त्याला सुपरमॅनच हो म्हणतोय! तो तिन्ही वेळा नाही म्हणतो. माझ्या नातवाला हे सांगितलं तर तो म्हणाला, “आजी, मग पिक्चर अर्ध्या तासात संपेल.” बरोबर बोलला. या गोष्टीचा तसा पिक्चर होत नाही म्हणून तर हॉलिवूडला खिडकीतली काच लागते.

आता त्या खिडकीकडेच या. तुम्ही चित्र ओळखलंत, पण त्या बागेत पुढे काय झालं ते सिनेमाशी ताडून पाहिलं नाहीत. चर्चमधून निघून क्लार्क काय करतो? लष्कराच्या स्वाधीन होतो. बेड्या घालून घेतो. त्याची मैत्रीण, पत्रकार लोईस त्याला विचारते की तू त्यांना बेड्या कशा घालू दिल्यास? त्याचं म्हणणं असं की विरोध केला तर ती शरणागती कसली, आणि याने त्यांच्या जिवाला बरं वाटत असेल तर घालू देत. झटका दिला तर तुटतील, हे त्यालाही माहीत आहे आणि काचेपलीकडच्या जनरललाही. गेथशेमानेतही प्रार्थनेनंतर हेच झालं. त्याला बांधून नेलं. बापाकडे मागितलं तर देवदूतांच्या बारा पलटणींपेक्षा जास्त येतील, असं तो स्वतः म्हणाला, आणि मागितलं नाही. बायबलातल्या फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय पोरांना वाचून दाखवा आणि लगेच हा प्रसंग लावा. देवाच्या स्वरूपाचा असूनही त्याने स्वतःला रिकामं केलं, दासाचं रूप घेतलं. सबंध सिनेमात ख्रिस्ताच्या सर्वांत जवळचं दृश्य हे, आणि त्यात ना संगीत चढतं ना हात पसरले जातात. बसलेला माणूस, समोर टेबल, हातात बेड्या.

दुसरं दृश्य त्याच्या लहानपणचं. काही पोरं त्याला त्रास देतायत, हातातलं पुस्तक प्लेटोचं. तो मारत नाही. ती गेल्यावर दिसतं की मुठीत धरलेला कुंपणाचा लोखंडी खांब दबून गेलाय. राग आलेला आहे, आणि तो त्या खांबाने सोसलाय. नववीच्या पोरांना हे लगेच कळेल. त्यांच्या मुठीत रोज असा एक खांब असतो. शिवाय शाळेच्या बसमध्ये त्याची टर उडवणाऱ्या एका पोराला त्याने ती बस नदीत पडली तेव्हा बुडी मारून वर काढलेलं असतं. शत्रूवर प्रेमाचा फळा भरून लिहिण्यापेक्षा हे दाखवा.

राहिला फादरांचा प्रश्न. माझं उत्तर असं की मान मोडण्याचा प्रसंग गाळू नका, मुद्दाम दाखवा. रेल्वे स्टेशन आहे, झॉडच्या डोळ्यांतली आग एका कुटुंबाच्या दिशेने सरकतेय, हा त्याला विनवतोय की नको करू, थांब. तो थांबत नाही. कडकन मान मोडते. आणि मग सुपरमॅन गुडघ्यांवर बसून जो ओरडतो ना, त्यात विजय नावाला नाही. लोईस येऊन त्याला धरते. या प्रसंगात येशू शोधायला गेलात की अडकलात. इथे तो पेत्र आहे. गेथशेमानेतच दुसरा एक माणूस होता ज्याच्यापाशी तलवार होती. आपल्या माणसाला वाचवायला त्याने ती उपसली आणि महायाजकाच्या दासाचा, मल्खाचा, कान उडवला. त्याचं चुकलं म्हणावं तर प्रेमापोटी केलं. येशू म्हणाला तलवार म्यानात घाल, आणि लूक सांगतो की त्याने त्या कानाला हात लावून बरं केलं. सुपरमॅनला हा दुसरा भाग जमत नाही. मोडलेली मान त्याला जोडता येत नाही, म्हणून तो ओरडतो. काचेतलं चित्र बागेचं आहे, पण समोर बसलेला माणूस बागेतला कोण, हे पोरांना विचारा. एक तास पुरणार नाही.

फुकटचा समीक्षक:

मावशी, खांबाचं पटलं, मल्खाचंही पटलं. पण तुम्ही दिग्दर्शकाला फार मोकळं सोडताय. मान मोडण्याआधी आख्खं मेट्रोपोलिस शहर भुईसपाट झालंय, त्याचं काय? इमारतींमागून इमारती कोसळतायत आणि आपला हिरो त्यांच्यातून झॉडला आरपार नेतोय. त्या एका कुटुंबासाठी ओरडला, आणि त्या इमारतींमधल्या माणसांसाठी? डॉनरच्या सिनेमातला सुपरमॅन झाडावर अडकलेलं मांजर उतरवून देतो. गनचा तर मारामारी चालू असताना खारीला वाचवतो. स्नायडरला क्रूस दिसला, खार दिसली नाही.

नगरी मावशी:

कबूल. चिमणीसुद्धा बापाला ठाऊक असल्याशिवाय जमिनीवर पडत नाही, हे स्नायडरच्या टिपणांत नसावं.

आणखी एक आहे, जे मला त्या मान मोडण्यापेक्षा जास्त खटकतं. बस वाचवल्यावर छोटा क्लार्क बापाला विचारतो की मग काय, मरू द्यायचं होतं का त्यांना? आणि केव्हिन कॉस्टनर म्हणतो, कदाचित. बाप म्हणून मला तो कळतो, पोराच्या काळजीने बोलतोय. पण येशूच्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीत जखमी माणसाला बघून रस्त्याच्या कडेने निघून गेलेल्या याजकाकडेही असंच काहीतरी सुज्ञ कारण असणार. वर्गात एखाद्या पोराने हे काढलं तर टाळू नका.

लोदकर:

मावशी, पेत्र ज्यू होता एवढं फक्त नोंदवून ठेवतो. बाकी तुमचं चालू द्या, मी आमच्या पोरांना निर्गमच्या दुसऱ्या अध्यायासाठी हेच खांबाचं दृश्य दाखवणार आहे. मोशेने मिसऱ्याला मारून वाळूत पुरलं तो प्रसंग. त्यालाही मूठ आवरली नव्हती.

बावखल:

मावशी, तुमचं सगळं प्रिंट काढून फादरांकडे नेलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मल्खाशी थांबले, पुन्हा वाचलं आणि म्हणाले की हे गुड फ्रायडेच्या प्रवचनात घेतलं तर चालेल का विचार. चालेल का?

सिनेमा पूर्ण दाखवायचा बेत रद्द. चारच तुकडे दाखवणार: कुंपणाचा खांब, बस, बेड्या आणि स्टेशन. हात पसरल्याचं दृश्य शेवटी दाखवेन आणि विचारेन की इथे काय नाहीये. लोदकरांची सीगल-शूस्टरची गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पोरांना वाटायला नको की सगळं आपलंच आहे.

एक अडचण उरली. आमच्या मागच्या बाकावरच्या साहेबांना कालच कुणकुण लागली आणि त्यांनी मला गाठून विचारलं, “सर, तो बारमधला सीन आहे का?” तुम्हाला आठवत असेल. ट्रकवाला क्लार्कच्या डोक्यावर बिअर ओततो, हा काहीही न बोलता निघून जातो. मी म्हणणार होतो की बघा, दुसरा गाल. पण पुढच्या क्षणी ट्रकवाला बाहेर येतो तर त्याच्या ट्रकमधून लाकडाचे ओंडके आरपार गेलेले. यावर काय सांगू?

नगरी मावशी:

प्रवचनात खुशाल घ्या म्हणावं, माझं नाव नको.

ट्रकचं काही सांगू नका. पोरं हसतील, त्यांना हसू द्या. मग विचारा की तुमच्यापैकी कोण ट्रक तसाच सोडून घरी गेला असता. हात वर करणाऱ्यांवर जरा लक्ष ठेवा, खोटं बोलतायत.